चुकीचे उत्तर काय सांगते?

(प्राथमिक शाळेतील गणिताच्या चाचण्या, प्रश्नरचना आणि गुणदान या विषयावर कोल्हापूर येथे शिक्षक व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले. पाल्याला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी कष्टकरी माणसाच्या घरात एक रुपया ही लहान रक्कम नव्हती. महाराजांना तो दंड वसूल करण्यात रस नव्हता. त्यांना रयतेचे मूल शाळेच्या उंबरठ्याच्या आत हवे होते. त्या निर्णयाला आता शंभराहून अधिक वर्षे लोटली. उंबरठा ओलांडण्याचा प्रश्न करवीरनगरीत आणि जिल्ह्यात पुष्कळ अंशी सुटला आहे. परंतु त्यातून दुसरा, अधिक अवघड प्रश्न उभा राहिला : आत आलेल्या मुलाला नेमके काय आले? आणि काय आले नाही, हे शिक्षकाला कसे कळावे?

याचे रूढ उत्तर ‘परीक्षा’ असे आहे. पण परीक्षा म्हणजे प्रश्नपत्रिका, उत्तरपत्रिका आणि लाल शाईतील एक आकडा, एवढाच अर्थ उरला असेल, तर त्या आकड्यातून फार थोडे कळते. वैद्याने रोग्याची नाडी पाहावी आणि ‘वीसपैकी अकरा’ एवढेच सांगून त्याला घरी पाठवावे, असा तो प्रकार होतो. गणिताच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण गणितात चूक ही क्वचितच योगायोगाने होते. मूल चुकते ते बहुधा एखाद्या नियमाने चुकते. फक्त तो नियम त्याने स्वतः बनवलेला असतो. हा नियम शोधून काढणे, हे प्रश्न काढणाऱ्याचे खरे काम आहे.

एका वजाबाकीची गोष्ट

तिसरीच्या वर्गातील एक साधे उदाहरण घ्यावे. ५२ मधून २७ वजा करा. उत्तर २५. वर्गातील काही मुले ३५ लिहितात. शिक्षक फुली मारतात, ‘हातचा विसरला’ असा शेरा देतात आणि पुढच्या वहीकडे वळतात.

पण सर्वच मुले हातचा विसरली होती काय? एका मुलाने एककस्थानी २ आणि ७ पाहिले. दोनातून सात जात नाहीत, तेव्हा त्याने सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून दोन गेले, तीन उरले. उत्तर ३५. दुसऱ्या मुलाने दशक सुटा केला, बारातून सात काढले, पाच लिहिले. पण दशकाच्या घरातून एक कमी करायचे राहिले. पाचातून दोन गेले, तीन. उत्तर पुन्हा ३५. पहिल्या मुलाला दशक सुटा करणे ही कल्पनाच पोहोचलेली नाही. दुसऱ्याला कल्पना समजली आहे. त्याची केवळ शेवटची पायरी राहिली. पहिल्यासाठी काड्यांचे गठ्ठे पुन्हा सोडून बांधायला हवेत. दुसऱ्याला पाच मिनिटांचा सराव पुरेल. प्रश्नाने मात्र दोघांना एकाच रांगेत उभे केले.

आता प्रश्नातील आकडे थोडे बदलावेत. ५४ मधून २८ वजा करा. उत्तर २६. पहिला मुलगा आठातून चार काढतो, म्हणून त्याचे उत्तर ३४ येते. दुसरा चौदातून आठ काढतो, पण दशक कमी करत नाही. त्याचे उत्तर ३६ येते. एकाच क्षणात दोघे वेगळे ओळखू येतात. दोन एकक अंकांमधील फरक बरोबर पाच असला, की दोन्ही चुका एकाच उत्तरावर येऊन मिळतात; पाच नसला, की त्या अलग होतात. प्रश्नपत्रिकेचा खर्च वाढला नाही, वेळ वाढला नाही, काठिण्यही वाढले नाही. वाढला तो फक्त प्रश्न काढणाऱ्याचा विचार.

आणखी एक पाऊल पुढे जाता येते. ५० मधून २७ वजा करा, असा प्रश्न द्यावा. बरोबर उत्तर २३. उलटी वजाबाकी करणारे मूल ३७ लिहील. दशक कमी न करणारे ३३ लिहील. ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्यच’ असे मानणारे ३० लिहील. चार उत्तरे आणि चार मुले; प्रत्येकाची गरज निराळी. चांगला प्रश्न तो, ज्याचे चुकीचे उत्तरही शिक्षकाला काही सांगते.

यातील गंमत अशी, की आठवडी बाजारात आईशेजारी बसून भाजी विकणारे मूल पन्नासाच्या नोटेतून सत्तावीस रुपये घेऊन तेवीस रुपये बिनचूक परत देते. ते सत्तावीसापासून तीसपर्यंत तीन आणि तीसपासून पन्नासपर्यंत वीस, असे मोजत जाते. तेच मूल शाळेच्या कागदावर ३७ लिहिते. या मुलाला ‘गणितात कच्चा’ म्हणणे हा न्याय नव्हे. त्याचे बाजारातील गणित आणि कागदावरील गणित यांची गाठ अद्याप पडलेली नाही, एवढेच. ती गाठ घालून देणे हे शाळेचे कर्तव्य आहे, आणि ती पडलेली नाही हे दाखवून देणे चाचणीचे.

प्रश्नाची भाषा

प्रश्न गणिताचा असला तरी तो भाषेतून विचारला जातो. पुष्कळदा मूल गणितात नव्हे, भाषेत अडखळते. मराठीतील संख्यावाचनाचेच पाहावे. सत्तावीस म्हणताना सात आधी ऐकू येतो, वीस नंतर. लिहिताना मात्र दोन आधी, सात नंतर. ‘सत्तावीस लिहा’ असे सांगितल्यावर ७२ लिहिणारे मूल मंद नसते. ते ऐकलेल्या क्रमाने लिहिते. एकोणतीस या शब्दात तर एक वजाबाकीच दडलेली आहे : एकाने उणे तीस. एकोणऐंशी, एकोणनव्वद असे म्हणत गेलेल्या मुलाला नव्याण्णवच्या ठिकाणी हा नियम एकाएकी सोडावा लागतो.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणित पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबरच ‘वीस सात’ अशा वाचनाची सोय देण्यात आली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागील भूमिका मांडली होती : संख्यानामे अवघड वाटून मुलांच्या मनात गणिताविषयी भीती बसू नये. टीकाकारांचे म्हणणे असे, की मराठीतील संख्यानामे हा भाषेचा ठेवा आहे आणि तो मुलांपासून हिरावून घेऊ नये. २०२३ साली मंगलाताई निवर्तल्या. वादाचा धुरळा खाली बसल्यानंतर शांतपणे पाहिले, तर दोन्ही बाजूंच्या चिंतेत तथ्य दिसते. मातृभाषेचे शब्द टिकले पाहिजेत, यात शंका नाही. आणि त्या शब्दांपायी मुलाचे स्थानिक किमतीचे ज्ञान झाकले जाऊ नये, हेही तितकेच खरे.

चाचणी तयार करणाऱ्यासाठी यातून निघणारा बोध सोपा आहे. ऐकून लिहिणे, पाहून वाचणे आणि दशक-एकक ओळखणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या वेगळ्या तपासाव्यात. ‘सत्तावीस’ ऐकून ७२ लिहिणाऱ्या मुलासमोर काड्यांचे दोन गठ्ठे आणि सात सुट्या काड्या ठेवाव्यात. त्याने २७ लिहिले, तर त्याला गणित येते. संख्यानामाचा सराव तेवढा हवा.

शाब्दिक उदाहरणांत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. ‘एकूण म्हणजे बेरीज, उरले म्हणजे वजाबाकी’ अशा खुणा मुलांना पाठ करून दिल्या जातात. मग पुढील प्रश्न विचारावा : आनंदकडे ८ गोट्या आहेत. त्याच्याकडे सईपेक्षा ३ गोट्या जास्त आहेत. तर सईकडे किती? ‘जास्त’ हा शब्द दिसताच अनेक मुले ११ लिहितात. ज्याने वाक्य समजून घेतले, तो ५ लिहितो. असा एक प्रश्न प्रत्येक चाचणीत अवश्य असावा. मात्र सर्वच प्रश्न असे असू नयेत. चाचणी म्हणजे मुलाला अडकवण्याचा सापळा नव्हे.

कोल्हापूर जिल्ह्यात तर भाषेचा विचार अटळ आहे. कर्नाटकाच्या सीमेवरील काही गावांत मुलांच्या घरी कन्नड बोलली जाते. इचलकरंजीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान येथून आलेल्या कामगारांची मुले मराठी शाळेत बसतात. ऊसतोडणीच्या हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या कुटुंबांची मुले वर्षातील कित्येक महिने गावच्या शाळेपासून दूर असतात. साखरशाळा ही त्यांच्यासाठीच निघाली. अशा मुलाने पाच ओळींचे शाब्दिक उदाहरण सोडून दिले, तर त्याला भागाकार येत नाही असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. तेच उदाहरण शिक्षकाने तोंडी, लहान वाक्यांत सांगावे. मग निर्णय करावा. ही सवलत नव्हे. गणिताच्या चाचणीने गणितच मोजावे, एवढीच यामागील शिस्त आहे. शिक्षणशास्त्रात यालाच सप्रमाणता म्हणतात.

संविधान तक्ता : आधी आराखडा, मग प्रश्न

घर बांधणारा गवंडी आराखड्याशिवाय पाया खोदत नाही. प्रश्नपत्रिका मात्र पुष्कळदा आदल्या रात्री, मागील वर्षीच्या पत्रिकेतील आकडे बदलून तयार होते. अध्यापक विद्यालयात शिकवला जाणारा संविधान तक्ता परीक्षेपुरता पाठ केला जातो आणि नोकरी लागल्यावर विसरला जातो. वस्तुतः त्याच्याइतके उपयोगी साधन दुसरे नाही. एका बाजूला आशय : संख्याज्ञान, चार मूलभूत क्रिया, अपूर्णांक, मापन, भूमिती. दुसऱ्या बाजूला उद्दिष्ट : आठवणे, समजणे, वापरणे, विचार करून मार्ग काढणे. प्रत्येक घरात किती गुण, हे आधी लिहावे. तक्ता भरताच पत्रिकेतील दोष उघडे पडतात. बहुतेक वेळा असे दिसते, की बहुसंख्य गुण उभ्या मांडणीच्या हिशेबांना गेले आहेत, मापन एका प्रश्नावर आटोपले आहे आणि ‘विचार करून मार्ग काढणे’ हे घर रिकामेच आहे.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य शासनाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची योजना आणली. त्या योजनेत पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला ७० आणि संकलित मूल्यमापनाला ३० गुण, तर तिसरी-चौथीसाठी ६० आणि ४० गुण ठेवले गेले. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, दैनंदिन निरीक्षण यांना स्थान मिळाले. यामागील विचार योग्य होता. सहा-सात वर्षांच्या मुलाचे गणित कागदावर जितके दिसते, त्याहून अधिक हातात आणि तोंडात दिसते. नाणी मोजताना, दोरीने बाक मापताना, मण्यांची माळ करताना ते प्रकट होते.

परंतु साधन कितीही चांगले असले, तरी ते हाताळणाऱ्याच्या निष्ठेवरच त्याचे फळ अवलंबून असते. जेथे वर्षाअखेरीस एका बैठकीत वर्गातील सर्व मुलांच्या वर्णनात्मक नोंदी एकसारख्या शब्दांत उतरवल्या गेल्या, तेथे योजना कागदावर राहिली. ‘गणितात रस घेतो, उदाहरणे सोडवतो’ ही नोंद कोणत्याही मुलासाठी खरी ठरू शकते, म्हणून ती कोणाच्याच उपयोगाची नाही. ‘शून्य असलेल्या संख्येतून वजाबाकी करताना अडतो, नाणी दिल्यास करतो’ ही नोंद एका ओळीची आहे, पण पुढच्या वर्षीच्या शिक्षकाला ती वाट दाखवते.

परिसरातील प्रश्न

प्रश्न मुलाच्या जगातून यावा, असे नेहमी सांगितले जाते. पण केवळ ‘सफरचंद’ खोडून ‘ऊस’ लिहिल्याने प्रश्न परिसरातला होत नाही. परिसराने प्रश्नाला काही नवे गणित द्यावे लागते. पंचगंगेचे उदाहरण घ्यावे. दर पावसाळ्यात कोल्हापुरातील घराघरांत राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीची चर्चा असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. पाचवीच्या मुलांना विचारावे : बंधाऱ्यावर पाणी ३६ फूट ८ इंच आहे. १ फूट म्हणजे १२ इंच. इशारा पातळी गाठण्यास पाणी आणखी किती वाढावे लागेल? उत्तर २ फूट ४ इंच. काही मुले २ फूट २ इंच लिहितील. त्यांनी सवयीने दहाचा हातचा घेतला. एक फूट सुटा केल्यावर बारा इंच मिळतात, हे ध्यानात घेतले नाही. त्यांना वजाबाकीची रीत पाठ आहे, पण हातचा म्हणजे काय, हे अद्याप उमगलेले नाही. हा प्रश्न मुलाला परिचित आहे, त्याचे उत्तर त्याला खरोखर हवे असते, आणि तो संकल्पनेच्या मुळापर्यंत जातो.

प्रश्न रसाळ असावा, ही भारतीय परंपराच आहे. भास्कराचार्यांनी इसवी सन ११५० च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘लीलावती’त भुंग्यांचे थवे आहेत, तुटलेली मोत्यांची माळ आहे, वाऱ्याने मोडलेला वेळू आहे, साप आणि मोर आहेत. एका बालिकेला प्रेमाने संबोधून हे प्रश्न घातलेले आहेत. चाळीसगावजवळील पाटणे येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. ज्या भूमीत गणित शिकवण्यासाठी दाने दिली गेली, तेथे गणिताच्या तासाला मुलाने भिऊन मान खाली घालावी, हे शोभणारे नाही. दशमान स्थानमूल्य आणि शून्य ही भारताने जगाला दिलेली देणगी आहे, असे अभिमानाने सांगताना त्या शून्यापाशी अडलेल्या आपल्याच गावच्या मुलाकडे लक्ष गेले पाहिजे. अभिमानाची ती पहिली अट आहे.

पर्यायांचे शास्त्र

शिष्यवृत्ती परीक्षा हा कोल्हापूर जिल्ह्याचा जिव्हाळ्याचा विषय. पूर्वी ही परीक्षा चौथी व सातवीला होती. २०१६-१७ पासून काही वर्षे ती पाचवी व आठवीला घेण्यात आली. जिल्ह्यातील मुले गुणवत्ता यादीत सातत्याने चमकत आली, त्यामागे सकाळी लवकर आणि शाळा सुटल्यावरही जादा तास घेणाऱ्या असंख्य शिक्षकांचे कष्ट आहेत. त्या कष्टांना वंदन करूनच एक गोष्ट सांगावी लागते. या परीक्षेच्या पहिल्या पेपरात भाषेचे २५ आणि गणिताचे ५० असे ७५ प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात. म्हणजे एका प्रश्नास सरासरी ७२ सेकंद. प्रत्येक प्रश्नास चार पर्याय. गणिताच्या पन्नासही प्रश्नांत डोळे मिटून खूण केली, तरी सरासरीने बारा-तेरा उत्तरे बरोबर येतात, म्हणजे शंभरपैकी सुमारे २५ गुण होतात. हजारो मुलांतून निवड करण्यासाठी हे साधन योग्य आहे. परंतु तिसरी-चौथीच्या वर्गातील प्रत्येक चाचणी त्याच साच्यात घालण्याचे कारण नाही. निवड करणे हे एक काम आहे आणि निदान करणे हे दुसरे.

पर्यायी प्रश्न काढायचाच असेल, तर चुकीचे पर्याय काळजीने निवडावेत. ५० वजा २७ साठी २३, ९८, ५ आणि ११० असे पर्याय दिले, तर मूल वजाबाकी न करताही उत्तर ओळखते. २३, ३३, ३७ आणि ३० असे पर्याय दिले, तर प्रत्येक खुणेतून एकेक निदान मिळते. चुकीचे पर्याय मुलांच्या जुन्या उत्तरपत्रिकांतून घ्यावेत. खरोखर झालेल्या चुका कल्पनेतील चुकांहून अधिक शिकवतात.

गुणदान : न्यायाची पहिली शाळा

आता गुणदानाकडे. प्रश्न असा : एका शेतकऱ्याने सकाळी १८ लीटर आणि सायंकाळी १४ लीटर दूध संस्थेत घातले. लीटरला ४० रुपये दर मिळाला, तर त्याला किती रुपये मिळाले? चार गुण. उत्तर १२८० रुपये.

पहिल्या मुलाने १८ आणि १४ यांची बेरीज हातचा विसरून २२ केली आणि २२ गुणिले ४० बरोबर ८८० लिहिले. दुसऱ्याने ३२ लीटर काढले, गुणाकार मांडला, पण शून्य सुटले. उत्तर १२८ रुपये. तिसऱ्याने १८, १४ आणि ४० यांची बेरीज करून ७२ लिहिले. चौथ्याने फक्त १२८० रुपये लिहिले, रीत नाही. अंतिम उत्तरावरच गुण द्यायचे ठरवले, तर चौथ्यास चार आणि उरलेल्या तिघांस शून्य. हे सोपे आहे, पण न्याय्य नाही.

गुणदान योजना आधी लिहिली असती, तर चित्र वेगळे दिसते. एकूण दूध काढायचे, हे ओळखण्यास एक गुण. बेरीज अचूक, एक गुण. दराने गुणायचे, हे ओळखण्यास एक गुण. गुणाकार अचूक आणि ‘रुपये’ हे एकक, एक गुण. पहिल्या मुलाची एकच चूक झाली. पुढील सर्व विचार बरोबर आहे. त्याला तीन गुण. एका चुकीची शिक्षा एकदाच व्हावी, दोनदा नव्हे. दुसऱ्यालाही तीन. मात्र बत्तीस लीटर दुधाचे १२८ रुपये म्हणजे लीटरला चारच रुपये, हे त्याला खटकले नाही. त्याला उत्तर पडताळण्याची सवय लावायला हवी. तिसऱ्याचे सर्व हिशेब अचूक आहेत, पण त्याने लीटर आणि रुपये एकत्र मिळवले. त्याने सकाळ-सायंकाळचे दूध एकत्र करून ३२ लीटर अशी वेगळी पायरी लिहिली असेल, तर त्या पायरीचे दोन गुण. सरसकट तिन्ही संख्या मिळवल्या असतील, तर शून्य. चौथ्याचे काय? प्रश्नात ‘रीत दाखवा’ असे लिहिले असेल, तर रीतीचे गुण जातील. लिहिले नसेल, तर त्याला पूर्ण गुण द्यावे लागतील. मनात हिशेब करणे हा काही अपराध नाही. जे हवे ते प्रश्नात स्पष्ट मागावे. न मागितलेल्या गोष्टीचे गुण कापू नयेत.

अक्षर, खाडाखोड, शुद्धलेखन यांचे गुण गणितात कापायचे की नाही, हेही पहिली उत्तरपत्रिका हाती घेण्यापूर्वी ठरवावे. नाहीतर सकाळी ताज्या मनाने तपासलेल्या मुलाला एक न्याय आणि रात्री थकून तपासलेल्याला दुसरा, असे घडते. यावर जुन्या परीक्षकांनी सांगितलेले उपाय आजही उपयोगी आहेत. संपूर्ण वही एकदम न तपासता आधी सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, असे तपासावे. नाव झाकून ठेवावे. हुशार म्हणून नावाजलेल्या मुलाची चूक डोळ्यांआड होते आणि ‘ढ’ ठरलेल्याचे बरोबर उत्तरही संशयाने पाहिले जाते. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाच उत्तरपत्रिकांच्या प्रती प्रत्येक शिक्षकाने स्वतंत्रपणे तपासाव्यात आणि मग गुण ताडून पाहावेत. एकाच उत्तराला कोणी चार, कोणी एक दिलेला आढळेल. त्या तफावतीवर होणारी चर्चा कोणत्याही प्रशिक्षणाहून मोलाची ठरते.

आठ वर्षांच्या मुलाला न्याय-अन्यायाचा पहिला अनुभव पुष्कळदा याच लाल शाईतून येतो. सारखे उत्तर लिहून शेजाऱ्याला अधिक गुण मिळाले, तर ते मूल काय शिकते? आणि वर्गाचा निकाल चांगला दिसावा म्हणून फळ्यावर उत्तरे लिहून दिली गेली, तर ते मूल काय शिकते? असल्या प्रसंगी चाचणी गणिताची राहत नाही. ती चारित्र्याची होते, आणि तीत मोठी माणसे नापास होतात. खोटा निकाल कोणाच्याही हिताचा नाही. मुलाला भागाकार येत नाही, हे चौथीत लपवले, तर सातवीत ते लपत नाही; तोवर मात्र मुलाने स्वतःच ‘मला गणित जमत नाही’ असा निकाल देऊन टाकलेला असतो.

चाचणीनंतर

वीसपैकी बारा गुण मिळवणारी दोन मुले एकाच श्रेणीत बसतात. एकाचे सर्व गुण शाब्दिक उदाहरणांत गेले, दुसऱ्याचे सर्व हातच्याच्या क्रियांत. एकाला वाचन आणि अर्थग्रहण हवे, दुसऱ्याला दशक-एककाची पुनरावृत्ती. बेरीज केलेला आकडा हा भेद पुसून टाकतो. यास्तव गुणपत्रकाशेजारी एक साधी चूक-नोंद ठेवावी : उभ्या ओळीत मुलांची नावे, आडव्या ओळीत प्रश्न, आणि प्रत्येक घरात फुलीऐवजी मुलाने लिहिलेले प्रत्यक्ष उत्तर. पंधरा मिनिटांत तक्ता होतो. एखाद्या प्रश्नात निम्मा वर्ग एकच चुकीचे उत्तर लिहितो असे दिसले, तर ती मुलांची चूक नव्हे. तो धडा पुन्हा शिकवायला हवा, किंवा प्रश्नच सदोष होता. उत्तरपत्रिका मुलांबरोबरच शिक्षकालाही तपासत असते.

हे सारे करण्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव म्हणून देशाच्या शिक्षणाला दिशा देणारे जे. पी. नाईक हे आजरा तालुक्यातील बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. खेड्यातल्या शाळेत शिक्षणाचे प्रयोग होऊ शकतात, हे याच जिल्ह्याने दाखवून दिले आहे. निपुण भारत अभियान २०२१ साली सुरू झाले, तेव्हा तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि अंकज्ञान यावे, हे उद्दिष्ट देशासमोर ठेवले गेले. दिल्लीत ठरलेले उद्दिष्ट शेवटी शाहूवाडी, गगनबावड्याच्या डोंगरातील दोनशिक्षकी शाळेतच पुरे व्हायचे असते.

वस्त्यांमध्ये अभ्यासिका आणि संस्कारवर्ग चालवणाऱ्या कार्यकर्त्यांनाही यात वाटा उचलता येईल. पाच उदाहरणे पुरेत : ‘सत्तावीस’ ऐकून लिहिणे, ५४ वजा २८, ५० वजा २७, सईच्या गोट्या आणि ६१२ भागिले ६. शेवटच्या उदाहरणात १०२ ऐवजी १२ लिहिणारे मूल मधले शून्य विसरले आहे. सहाशे बारा रुपये सहा जणांत वाटले, तर प्रत्येकाला बाराच मिळतील काय, असे त्याला विचारावे. ते स्वतःच हसून उत्तर दुरुस्त करील. गुण देऊ नयेत. मूल कोठे अडते, ते लिहून ठेवावे आणि त्याच ठिकाणापासून हात धरावा.

पालकांनी घरी आलेल्या मुलाला ‘किती गुण मिळाले?’ असे विचारण्यापूर्वी ‘कोणते उदाहरण चुकले, ते दाखव बरे’ असे विचारावे. कोल्हापुरात जन्मलेले थोर शास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर बालपणी बनारसला होते. तेथील घरात त्यांचे मामा मोरेश्वर हुजूरबाजार फळ्यावर गणिताचे एखादे कोडे लिहून ठेवत आणि ते भाच्याला आव्हान असे. त्या कोड्यास गुण नव्हते, क्रमांक नव्हता, वेळेचे बंधनही नव्हते. उत्तर सापडल्याचा आनंद हेच बक्षीस होते. प्रत्येक घरात तसा मामा असेलच असे नाही. पण प्रत्येक शाळेत फळा आहे.

शाहू महाराजांनी मूल शाळेत आणले. त्या मुलाचे ३७ हे उत्तर पाहून फुली मारायची, की थांबून ‘हे कसे काढलेस, सांग’ असे विचारायचे, हे आता शिक्षकाच्या हाती आहे. त्या विचारण्यास फार तर एक मिनिट लागते.